नंदनवनातले मार्द्वीक

इंद्राच्या नंदनवनात पारिजात आहे, अप्सरा आहेत आणि सुरेला तोटा नाही, असे पुराणे सांगतात. आमच्या नागपूरच्या नंदनवनात कडुनिंब आहेत, जगनाडे चौकातली गर्दी आहे आणि उन्हाळाभर खिडकीखिडकीला डरकाळ्या फोडणारे कूलर आहेत. अप्सरांची चौकशी मी कधी केली नाही. सुरेविषयी मात्र या सदरात कधीकाळी लिहावे लागेल, असे स्वप्नातही वाटले नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाने श्रावणावर लिहावे, फार तर चहावर लिहावे. वाचक तेवढ्यावर खूश असतात.

पण गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, माझा पुतण्या तीन बाटल्या घेऊन दारात उभा राहिला आणि माझा नाइलाज झाला.

पुतण्या नाशिक जिल्ह्यात वाइनच्या कारखान्यात आहे. शेतकीची पदवी घेऊन तो तिकडे गेला. वहिनी, म्हणजे त्याची आई, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. कुणी विचारले तर त्या सांगतात, "तो द्राक्षांच्या कंपनीत आहे." हे खोटे नाही. द्राक्षांचे पुढे काय होते हे विचारणाऱ्याला सुचत नाही, आणि वहिनी आपण होऊन सांगत नाहीत. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि त्यावर एकच गदारोळ उठला, तेव्हा आठवडाभर आमच्या वरच्या मजल्यावर बातम्यांच्या वेळी टीव्ही बंद असे.

त्याला कारण आहे. माझे थोरले भाऊ दारूपायी गेले. २००८ सालची गोष्ट. पोरगा तेव्हा दहा वर्षांचा होता. याहून अधिक लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे घडले आहे त्यांना ते सांगावे लागत नाही. एवढेच सांगतो की, वहिनी भावाच्या बाटलीच्या कागदावर पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवीत, आणि भाऊ रात्री पिऊन झाल्यावर त्या रेघेपर्यंत पाणी भरून ठेवीत. रेघेचे भावाला ठाऊक होते आणि पाण्याचे वहिनींना.

"काय आणून राहिला रे तू घरात?" वहिनींनी जिन्यावरूनच विचारले.

"माझं काम आणलं आई," तो म्हणाला.

बाटल्या नाशकाच्या होत्या, पण विकत घेतल्या होत्या नागपुरातच, रीतसर पावतीसकट. नाशकाहून येताना वाटेत वर्धा जिल्हा लागतो, आणि गांधीजींच्या सेवाग्रामचा हा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे. गडचिरोली १९९३ पासून तसाच. चंद्रपुरात बंदी २०१५ साली आली नि २०२१ साली उठली. आम्हा वैदर्भीयांना दारू म्हणजे चवीचा विषय वाटत नाही. तो मोर्चाचा विषय वाटतो, आणि ते मोर्चे बायकांनी काढलेले आहेत. अशा मुलखात वाइन कोणत्या ऋतूत कोणत्या जेवणाबरोबर घ्यावी याचा विचार करणारा माणूस एक तर बेशरम असावा किंवा त्याचे पोट त्यावर चालत असावे.

"काका, माझी एक अडचण आहे," तो संध्याकाळी म्हणाला. "आमच्याकडे नागपूरचे पाहुणे येतात. विचारतात, आमच्याकडे केव्हा कोणती घ्यावी? आम्ही शिकतो ते सगळं फ्रान्सच्या हवेचं आणि फ्रान्सच्या ताटाचं. आपल्याकडच्यासाठी तुमच्या जुन्या पोथ्यांत काही नाही का?"

आता एखाद्या प्राध्यापकाला 'जुन्या पोथ्यांत काही आहे का' असे विचारणे म्हणजे म्हशीला 'डबक्यात उतरतेस का' असे विचारण्यापैकी आहे. मी कपाटातून 'अष्टांगहृदय' काढले.

आणि काय सांगू! जे तो मागत होता ते नेमके तिथे होते. वाग्भट हा साधारण सातव्या शतकातला वैद्य. सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याने सहा ऋतूंची चर्या सांगितली आहे: काय खावे, काय ल्यावे, कुठे निजावे, आणि त्यातच, जराही न संकोचता, काय प्यावे. हेमंतात भूक प्रखर, म्हणून गुळाचे मद्य आणि सुरा चालते. वसंतात आसव, अरिष्ट आणि 'मार्द्वीक'. मृद्वीका म्हणजे द्राक्ष, तेव्हा मार्द्वीक म्हणजे पुतण्या बनवतो तीच वस्तू. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, म्हणून घ्यायचेच तर जुने, मुरलेले. ग्रीष्माला आल्यावर मात्र वैद्यबुवांचा आवाज बदलतो. मद्य पिऊच नये, म्हणतात. अगदीच राहवत नसेल तर थोडे, तेही भरपूर पाणी घालून. नाही ऐकले तर अंगाला सूज, गळाठा, दाह आणि भ्रम. त्यापेक्षा साखर घातलेले थंड सातू बरे!

"आणि शरद?" पुतण्याने विचारले.

शरद म्हणजे आश्विन-कार्तिक; म्हणजे आमची ऐन दिवाळी. त्या ऋतूत टाळायच्या गोष्टींत दही, तेल, ऊन, दिवसाची झोप यांच्या बरोबरीने तीक्ष्ण मद्य बसले आहे. दिवाळीच्या चार दिवसांत चौकाचौकांत जे काही चालते, ते वाग्भटाच्या आज्ञेविरुद्ध चालते असे मी यापुढे खुशाल म्हणू शकेन.

प्रदेशावरून वाइनचे नाव ठेवण्याची रीतही आपल्याला नवी नाही. कौटिल्याने द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि त्याचे कापिशायन व हारहूरक असे भेद मुलखावरूनच सांगितले आहेत. कपिशा हा आजच्या अफगाणिस्तानातला भाग. पुतण्याला हे ऐकून इतका आनंद झाला की त्याने ते वहीत टिपून घेतले. माझ्या वर्गात असे कुणी टिपून घेत नाही.

मग त्याने त्याच्या शास्त्रातले मला सांगितले. तांबडी वाइन 'खोलीच्या उष्णतेवर' द्यावी, असे सगळी विलायती पुस्तके सांगतात. आता ही खोली कुणाची? ती युरोपातल्या दगडी घरातली खोली. तिची उष्णता सोळा ते अठरा अंश. आमच्या नंदनवनातली खोली मे महिन्यात बेचाळीस अंशांवर असते, आणि कूलर बंद पडला तर त्याहून पुढे. २३ मे २०१३ ला नागपूरने ४७.९ अंश पाहिले आहेत. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले! ते यंत्राचेच दुखणे निघाले. पण त्या दिवशी शहरात कुणालाही ते खोटे वाटले नाही. उलट २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ वर उतरला होता. एकाच गावाच्या खोलीत एवढा फरक! म्हणजे पुस्तकातली 'खोली' आम्हाला मिळते ती फक्त डिसेंबर-जानेवारीतल्या संध्याकाळी. बाकी वर्षभर तांबडी बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये घालूनच काढावी. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवावी. नुसता बर्फ कामाचा नाही, कारण त्याचे खडे बाटलीला इथे-तिथेच टेकतात. पाणी तिला सर्व बाजूंनी कवेत घेते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुकान. व्हिस्की उन्हात महिनाभर राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. वाइन मात्र शिजते. तिचा ताजा वास जातो आणि उकळलेल्या फळांसारखी चव येते. पत्र्याखालच्या, दुपारभर दार उघडे टाकलेल्या दुकानातून मे-जूनमध्ये बाटली आणणे म्हणजे पैसे मोजून शिळे आणणे. "नागपुरात वाइन घ्यायची तर दिवाळी ते होळी घ्यावी," तो म्हणाला, "आणि बूच वर आलेलं दिसलं तर ठेवून द्यावी." एवढा एक सल्ला वाचकांनी लक्षात ठेवला तरी माझे मानधन फिटले.

द्राक्षाच्या वेलाचे त्याने जे सांगितले ते मला सर्वांत नवल वाटले. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे वेलाला झोपच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटायचे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पाऊस सरता सरता गोडी छाटणी. मग थंडीत घड भरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. म्हणजे जो वेल तिकडे शरदात फळ देतो, तो इकडे वसंताच्या तोंडावर देतो. आणि वाग्भटाने मार्द्वीक वसंतातच सांगितले आहे! या योगायोगावर मी दहा मिनिटे बोललो. पुतण्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, त्याच वसंतात गारपीटही येते." फुलोऱ्यात पाऊस झाला की केवडा, ढगाळ राहिले की भुरी, घड पिकत आले असता गारा पडल्या की वर्ष गेले. सरकारने २००१ साली द्राक्षांवर प्रक्रिया करण्याचे धोरण आणले, विंचूरला त्यासाठी औद्योगिक वसाहत काढली. पण आभाळासाठी अजून कुणी धोरण काढलेले नाही.

आता जेवण. नागपूरचे जेवण म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर सावजी येते. कोष्टी समाजाच्या घरांतून ते बाजारात आले. काळा मसाला, जवसाचे तेल आणि वर तर्री. त्याबरोबर काय घ्यावे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले: जहाल जेवणाला जहाल दारू. पुतण्या म्हणतो, हे अगदी उलटे आहे. आपल्या जिभेत आच ओळखणारी जी द्वारे आहेत, ती बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना उघडतात. मिरची तीच द्वारे खोटेच उघडते, म्हणून आग होते. मद्यार्क त्यांचा उंबरठा खाली आणतो, इतका की अंगाच्या स्वतःच्या उबेनेही ती उघडावीत. म्हणजे बेचाळीस टक्क्यांच्या दारूने सावजी 'मारण्याचा' प्रयत्न करणारा माणूस आगीवर तेल ओतत असतो. तांबड्या वाइनमधला तुरटपणाही मिरचीपुढे कडू होतो. तेव्हा सावजीबरोबर अकरा-बारा टक्क्यांची, किंचित गोडसर आणि चांगली गार पांढरी वाइन. नाशकाकडची शेनिन ब्लाँ अशीच असते. आणि मे महिन्यात सावजी खायचेच असेल तर बरोबर ताक. इथे पुतण्या आणि वाग्भट यांचे एकमत आहे. मे महिन्यात जो नागपूरकर कांदा खिशात आणि दुपट्टा डोक्याला घेऊन बाहेर पडतो, त्याने अंगातले पाणी काढणारी वस्तू संध्याकाळी प्यावी कशाला? पन्हे आहे, ज्वारीची आंबील आहे.

पावसाळा निराळा. कूलर त्या हवेत निकामी होतो, अंगाला चिकट घाम, आणि घरोघरी मिरचीची भजी व पाटोडीचा रस्सा. तळणाला फेसाळ वाइन चांगली. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचे तेल धुऊन नेतात. पण पावसाळ्यातले नागपूर एकाच दिवसात तीन ऋतू दाखवते, तेव्हा सकाळच्या आभाळावरून रात्रीची बाटली ठरवू नये, असे तो म्हणतो. हिवाळा मात्र खरा तांबड्याचा. शेतावर गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याचे भरीत, हुरडा. त्या धुराच्या वासाला शिराझचा मिऱ्यासारखा वास भेटतो. दिवाळीच्या अनारशांबरोबर कोरडी वाइन घेऊ नये, ती शिरक्यासारखी लागते. गोडाबरोबर वाइन त्या गोडाहून गोड हवी. पण अनारशाहून गोड काय असणार? तेव्हा अनारसे नुसतेच खावेत.

तर भाऊबीजेच्या रात्री आमच्या घरी वडाभात होता आणि पाटोडीचा रस्सा होता. दोन्ही वहिनींच्या हातचे. शरद असल्यामुळे तीक्ष्ण काही नको, असे ठरले. शिराझ डिसेंबरसाठी कपाटात आडवी ठेवली, दुसरी बाटलीही राहू दिली, आणि पुतण्याने शेनिन बर्फाच्या पाण्यात घातली. उंच दांड्याचे पेले आमच्याकडे कुठले? सरबताचे पेले काढले. दोघांसाठी दोन. माझी पत्नी "मला नको" म्हणाली आणि मग माझ्या पेल्यातून दोन घोट घेतले. ही आमच्या घरची जुनी पद्धत आहे, चहालाही हाच नियम.

वहिनी वाढत होत्या. बाटलीकडे पाहत नव्हत्या. पाटोडी वाढताना पुतण्याने आपला पेला त्यांच्या पुढे धरला.

"पिऊ नको. नुसता वास घे."

मला वाटले, त्या भांडे ठेवून वर निघून जातील. त्यांनी रस्सा आधी खाली ठेवला. पदराला हात पुसले. मग पेला दोन्ही हातांनी धरून, औषधाचा वास घ्यावा तसा दुरूनच घेतला. पुन्हा एकदा घेतला, थोडा जवळून.

"पेरू," त्या म्हणाल्या.

"बरोबर!" पुतण्या जवळजवळ ओरडलाच. "आई, आमच्याकडे शिकायला येतात त्यांना हे सांगायला सहा महिने लागतात!"

"मला वाटलं तोच वास असेल," वहिनी म्हणाल्या. कोणता, ते आम्ही कुणी विचारले नाही. पेला त्याच्या ताटाशी ठेवून त्यांनी त्याला पाटोडी वाढली. मग म्हणाल्या, "आणि ते द्राक्षासव मी रोज दोन चमचे घेते, त्याच्या बाटलीवरही मद्यार्क लिहिलेला आहे म्हणे? भाऊजी, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, मला कधी सांगितलं नाही ते."

मी सांगितले नव्हते, हे खरे. आसवात मद्यार्क आपोआप तयार होतो आणि बाटलीवर तसा छापलेला असतो. पण ते औषध आहे, मात्रेने घ्यायचे आहे, आणि समभाग पाण्याबरोबर. हे सांगता सांगता मी वाग्भटाकडे वळत होतो, तेव्हा पत्नीने मला भात वाढला.

आम्ही दोघांनी मिळून अर्धी बाटली संपवली. पाटोडीचा जाळ जिभेवर चढे, आणि गार घोटाबरोबर उतरून जाई. चांगली लागली, हे कबूल करतो. उरलेली अर्धी फ्रिजमध्ये गेली. बूच घट्ट लावून, गार ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते, असे पुतण्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढायला मी फ्रिज उघडला. बाटलीच्या कागदावर, वाइन जिथवर होती तिथे, पेन्सिलीची बारीक रेघ होती.

मी दार लावून घेतले. थोड्या वेळाने पुतण्या उठला, पाणी प्यायला म्हणून त्यानेही फ्रिज उघडला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. थंड हवा पायांवर येत होती. शेवटी फ्रिज बंद करून तो चहा प्यायला बसला. कुणी काही बोलले नाही. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने बाटलीला हात लावला नाही. मीही लावला नाही, हे सांगायला नकोच.

निघायच्या सकाळी त्याने बाटली काढली, वर घेऊन गेला आणि ओट्यावर ठेवली. "आई, तीन दिवस झाले. आता ही चांगली राहिली नाही. ओतून टाकू?"

वहिनींनी बाटली उजेडात धरली. रेघ पाहिली. मग बूच काढून वास घेतला.

"पेरू गेला," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच ती मोरीत ओतली. रिकामी बाटली धुऊन त्यांनी खिडकीत उपडी घातली. त्यात आता मनीप्लँट आहे. कागद भिजून निघून गेला.

पोरगा त्याच दुपारी नाशकाला गेला. वेल फुलोऱ्यात होते आणि तिकडे ढग आले होते. एक दिवसही जास्त राहता येत नव्हते. शिराझची बाटली डिसेंबरात भरताबरोबर उघडली, त्याची हकीकत या सदरात पुन्हा कधीतरी. वहिनी अजूनही नातेवाइकांना 'द्राक्षांची कंपनी' असेच सांगतात. पण सकाळी पेपर आला की त्या पूर्वी नागपूरचे हवामान बघत, आता आधी नाशिकचे बघतात, आणि परवा मला जिन्यावरून हाक मारून म्हणाल्या, "भाऊजी, तिकडे पावसाचं सांगून राहिले. त्याला फोन करा जरा."